अक्षर माझं

तोफ जिना चढून वर गेली ती भांडायला. रोज पहाटे डोक्यावर घंटा वाजायची. एकच ठोका, पण लांबलचक, आणि त्याचा नाद छतातून झिरपत थेट उशीत यायचा. खालच्या दोन खोल्यांत ती आणि तिचा नवरा राहत. वरचा मजला बरीच वर्षं रिकामा पडून होता. तिथं आता एक भिक्खुणी राहायला आल्या होत्या आणि सकाळ-संध्याकाळ काही माणसं त्यांच्याकडे डोळे मिटून बसायला येत. नवऱ्याला त्या घंटेचं काहीच नव्हतं. जन्मभर बॉयलरवर काम करून तो कानांनी अर्धा गेला होता. मला कमी ऐकू येतं म्हणून आमचा संसार टिकला, असं तो चारचौघांत सांगायचा आणि तोफही हसायची, कारण ते खरं होतं.

तोफ हे नाव तिला कामावर पडलेलं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत ती मुकादम होती. धुलाईची यंत्रं सुरू झाली की तिथं शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, पण तोफेचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. राग कायम नाकावर. बायका तिला भिऊन असत आणि तिच्यावर जीवही टाकत, कारण साहेबांसमोर त्यांच्या बाजूनं उभं राहणारं दुसरं कुणी नव्हतं.

वर एक मोठी खोली होती. सतरंज्या, पांढऱ्या भिंती, कोपऱ्यात बुद्धाची लहानशी मूर्ती. भिक्खुणी खिडकीची सैल झालेली कडी आवळत होत्या. साठीच्या, ठेंगण्या, डोकं तुळतुळीत, हात मात्र गवंड्यासारखे. तोफेनं दारातूनच सुरुवात केली. माणसं दिवसभर राबतात, त्यांच्या झोपेचा विचार कुणी करायचा, शांतीच्या नावाखाली शेजाऱ्याची झोपमोड करणं कुठल्या धर्मात बसतं. भिक्खुणींनी सगळं ऐकून घेतलं आणि उद्यापासून घंटा बंद, असं सांगून टाकलं.

तोफ सगळा दारूगोळा भरून आली होती, तो तसाच राहिला. उघड्या दाराला धक्का मारून तोंडावर पडावं तसं तिचं झालं.

"बसता का थोडा वेळ?" भिक्खुणींनी विचारलं.

"मला नाही जमायचं ते."

"हो, अवघडच असतं."

एवढं बोलणं पुरलं. तोफेला एखादी गोष्ट अवघड आहे असं तिच्या तोंडावर कुणी म्हणावं! तिनं चपला काढल्या, सतरंजीवर मांडी ठोकली आणि डोळे मिटले. श्वासाकडे लक्ष ठेवा, एवढंच सांगणं होतं. दोन श्वास झाले असतील नसतील, आणि डोळ्यांसमोर जोडीदारीण येऊन उभी राहिली.

ही जोडीदारीण कोण, ते आधी सांगायला हवं. लाँड्रीत वाफेचा रोलर असतो. ओली चादर एका बाजूनं आत जाते आणि तापलेल्या रुळाखालून वाळून, इस्त्री होऊन पलीकडे निघते. चादर घालायला दोघी लागतात. एकीनं एक कोपरा धरायचा, दुसरीनं दुसरा, आणि दोघींनी एका दमात पुढे सरकवायची. तरुणपणी तोफ आणि जोडीदारीण त्या रोलरवर एकत्र होत्या. हाताला हात इतका बसला होता की गप्पा मारता मारता, एकमेकींकडे न बघता चादरींचा ढीग संपायचा. दोघी एका डब्यात जेवत. एकीच्या घरची भांडणं दुसरीला पाठ असत.

मग हात आत जाऊ नये म्हणून रोलरपुढे बसवलेली जाळी मोडली. साहेब ती दुरुस्त करून देईनात. एका बाईचा हात कोपरापर्यंत भाजला, तेव्हा संप झाला. तोफ सगळ्यांच्या पुढे होती. संप लांबला, घराघरांत ओढाताण सुरू झाली, आणि एका सकाळी जोडीदारीण पोलिसांच्या गाडीमागून फाटकातून आत गेली. तेवढ्यावर थांबलं असतं तर तोफेनं तिला चार शिव्या घालून ते पोटात घातलं असतं. पण साहेबांनी तोफेवर खटला भरला की हिनं बॉयलरचा पाइप फोडला, आणि कोर्टात उभं राहून जोडीदारीण म्हणाली, होय, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाइप सडलेला होता, आपला आपणच फुटला होता. तोफ तुरुंगात गेली. ती आत असताना तिची आई वारली. आईचं शेवटचं तोंडसुद्धा तिला पाहायला मिळालं नाही.

संप अखेर जिंकला. जाळी बसली. तोफेला संघटनेनं कामावर परत घ्यायला लावलं. सुटून आली त्याच दिवशी तिनं डांबराचा डबा आणि ब्रश घेतला आणि लाँड्रीच्या बाहेरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत जोडीदारणीचं नाव लिहिलं, पुढे लिहिलं 'गद्दार'. जोडीदारीण केव्हाच काम सोडून गेली होती. चार गल्ल्या पलीकडे कपड्यांना इस्त्री करून देऊ लागली. पण भिंत तिथंच राहिली, आणि दर वर्षी संपाच्या दिवशी त्या अक्षरांवर नवा थर चढत गेला. त्या दिवशी सभा व्हायची आणि तोफ गद्दारीची गोष्ट सांगायची. नव्या पोरी मुद्दाम पुढे येऊन बसत. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, "माझ्या डोळ्यांनी पाहिलं" हे कसं नाकातून म्हणून दाखवायचं, सगळं तिच्या अंगवळणी पडलं होतं. असं करत वीसेक वर्षं निघून गेली.

तोफ वर जाऊ लागली. नवऱ्याला सांगितलं, गुडघे मोकळे होतात. तो म्हणाला, मांडी घालून गुडघे मोकळे होतात हे नवीनच ऐकलं. एकदा सगळे उठून गेल्यावर तिनं भिक्खुणींना ती गोष्ट सांगितली, सभेत सांगायची तशी, आवाज चढवून, नाकातून बोलून. सांगून झाल्यावर तिनं बजावलं की मला क्षमा करायला सांगणार असाल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी आत्ताच उठते.

"मी कशाला सांगू? माझं तिनं काही बिघडवलेलं नाही," भिक्खुणी म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "सांगताना गोड लागतं ना?"

तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी आई गेली. ते मला गोड लागतं?"

"आई गेली ते नाही. सांगणं. मी तुमचं तोंड बघत होते."

"म्हणजे चूक माझी."

"चूक तिची. ती तिचीच राहील, तुम्ही राग सोडलात म्हणून ती तुमची होणार नाही. पण तिनं ते एकदा केलं, बाई. त्यानंतर रोज कोण करतंय?"

तोफ उठली. ती चपला पायात सरकवू लागली. मागून भिक्खुणी शांतपणे सांगत होत्या की राग आला की लगेच तिच्याकडे धावू नका, आधी राग कुठं आलाय ते बघा, घशात, छातीत, दातांत. किती वेळ राहतो ते बघा. कायमचा राहिला तर येऊन मला सांगा, मी मानेन. तोफेनं जिन्यातूनच उत्तर दिलं की पुन्हा ह्या दारात पाय ठेवणार नाही.

खरंच नाही ठेवला तिनं. पण ते बोलणं दातात अडकलेल्या तुसासारखं बोचत राहिलं. आपला राग काय असातसा आहे? वीस वर्षांचा कमावलेला राग! तो कायमचा आहे हे दाखवून द्यायचंच, म्हणून ती पाळत ठेवू लागली. एका सकाळी बसथांब्यावर जोडीदारणीची आठवण आली. जबडा आवळला, कानामागे ऊन ऊन झालं. तोफ मनाशी म्हणाली, आला. आता बघते कुठं जातोस. बस यायला वेळ होता. ती नुसती उभी राहून त्या उष्णतेकडे बघत राहिली, कोर्ट नाही, साक्ष नाही, फक्त ती उष्णता. बस येईपर्यंत ती विरून गेली होती. तोफेला हायसं वाटायच्या ऐवजी अपमान झाल्यासारखं वाटलं. दिवसभर ती सगळ्यांवर खेकसत होती.

अशातच लाँड्रीत एक नवी बाई कामाला लागली. तिशीची, उंच, कमी बोलणारी. दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं की ही जोडीदारणीची लेक. नाव कुणी विचारलंच नाही. बायका तिला नुसतं 'तिची' म्हणू लागल्या. तिची आली. तिची गेली. तिच्या कपाटाच्या दारावर कुणीतरी डांबराचा ठिपका लावला. घाण चादरींच्या पिशव्या उघडून रक्ताचे, औषधांचे, ओकारीचे कपडे वेगळे करायचं काम सगळ्या आळीपाळीनं करत, ते आता रोज तिच्याच वाट्याला येऊ लागलं. जेवायला ती बसली की बाक रिकामा व्हायचा. ती तक्रार करत नसे. डबा संपवायची, हात धुवायची आणि परत कामाला लागायची. आईसारखीच ताठ मानेची, असं तोफेच्या मनात आलं आणि तिनं मान फिरवली. मुकादम म्हणून एक शब्द टाकला असता तर सगळं थांबलं असतं. ती मिठाची गुळणी धरून बसली.

त्या दिवशी रोलरवरची एक बाई आजारी होती. सेक्रेटरीनं तिच्या जागी 'तिची'ला उभं केलं. सेक्रेटरी म्हणजे संघटनेची सेक्रेटरी, चुणचुणीत, तडफदार, तोफेनंच हाताखाली घडवलेली; कुणी कुठं उभं राहायचं ते लावून देणं तोफ तिच्यावरच सोपवायची. पण 'तिची' रोलरपाशी उभी राहताच समोरची बाई कोपरा सोडून निघून गेली. दुसरीला बोलावलं, तिनं पाठ फिरवली. मग 'तिची'नं एकटीनंच चादर उचलली. एक कोपरा लावायचा, धावत दुसऱ्या टोकाला जायचं, तो ओढून सरळ करायचा, परत धावायचं. बायका हातातलं काम न थांबवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होत्या. तोफही घडीच्या टेबलाशी उभी राहून बघत होती.

तिसरी का चौथी चादर असेल. ती तिरकी गेली आणि पीळ बसला. सरळ करायला 'तिची'नं जाळीखालून हात आत घातला आणि ओलं कापड मनगटाभोवती आवळलं. रोलर ओढू लागला. ती ओरडली नाही, नुसती मागे रेटत राहिली.

तोफ धावली. लाल दांड्यावर तिनं अख्खं अंग टाकलं आणि रोलर थांबला. पण धावण्याच्या आधी, पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, तिच्या आत काहीतरी म्हणालं होतं, बरं झालं. आणि ते गोड होतं. अगदी जिभेवर ठेवल्यासारखं गोड. तोफेनं ते स्पष्ट पाहिलं. बसथांब्यावर उष्णता पाहिली होती, तसंच.

'तिची'च्या बोटांची टोकं भाजली होती. तिनं नळाखाली हात धरला, पुसला आणि परत येऊन तीच चादर उचलली. लाँड्रीतली यंत्रं चालू होती, पण एकीचंही काम चालू नव्हतं.

तोफ चालत रोलरपाशी गेली आणि तिनं दुसरा कोपरा हातात घेतला.

"ताई," सेक्रेटरी जवळ येऊन हळू म्हणाली, "तुम्हीच असं केलंत तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"आपण संप कशासाठी केला होता?" तोफेनं विचारलं. उत्तराची वाट न बघता तिनं आवाज चढवला आणि तो धुलाईच्या यंत्रांवरून पार टोकापर्यंत गेला. "ह्या रोलरवर कुणाचा हात जाऊ नये म्हणून केला होता. हिच्या आईला धडा शिकवायला नव्हता केला. आज हात गेला असता तर तो साहेबांनी घालवला नसता, आपण घालवला असता. मी घालवला असता, मुकादम मी आहे. आता काय ते बोला."

तोफेनं 'तिची'ला आधी दवाखान्यात जाऊन बोटांना मलम लावून यायला सांगितलं. ती म्हणाली, कामाची पाळी संपल्यावर जाईन. तोफ म्हणाली, मी विचारत नाहीये. ती गेली, आणि ती परत येईपर्यंत तोफ कोपरा हातात धरून तिथंच उभी राहिली. दुसरा कोपरा धरायला एकही पुढे आली नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलायच्या वेळी, भर दुपारी, तोफेनं खरवडायला पत्र्याचा तुकडा, रॉकेलचा डबा आणि जुन्या चादरींच्या चिंध्या घेतल्या आणि ती बाहेरच्या भिंतीपाशी गेली. डांबर नुसत्या चुन्यानं झाकलं जात नाही, दोन दिवसांत वर येतं, हे तिला माहीत होतं. ते खरवडूनच काढावं लागतं. थरावर थर होते. खालचा तर दगड झाला होता. ती एकेक अक्षर रॉकेलनं भिजवत होती आणि पत्र्यानं ओरबाडत होती. सुटणाऱ्या आणि येणाऱ्या, दोन्ही पाळ्यांच्या बायका तिच्याभोवती जमल्या. सेक्रेटरी वाट काढत पुढे आली. तिचा चेहरा उतरला होता.

"हे असं एकटीनं नाही पुसता येणार, ताई. हे संघटनेचं आहे. समितीत ठराव व्हायला हवा."

"भिंत हॉस्पिटलची, नाव तिचं, अक्षर माझं," तोफ पत्रा न थांबवता म्हणाली. "ह्यात समितीचं काय आहे?"

"मग तिनं केलं ते विसरायचं?"

"विसरायला मी काय म्हातारी झाले? तिनं दगा दिला. खोटी साक्ष दिली. कुणीही विचारा, झोपेतून उठवून विचारा, मी सांगेन. पण हे रोज इथं उभं राहून मी ओकायची नाही, आणि तिच्या पोरीनं रोज ते चाटायचं नाही. तुम्हाला राग धरायचा असेल तर आपापला धरा. माझा उसना मिळणार नाही."

गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं की वरच्या मजल्यावरच्या भिक्खुणीनं हिचं डोकं फिरवलं, तोफेचा फुसका बार झाला. दोघीतिघी हसल्या. तोफेनंही ते ऐकलं. जबड्यात ओळखीची ऊब आली. ती क्षणभर पत्र्यावर हात ठेवून थांबली आणि मग पुढच्या अक्षराला लागली.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब बाहेर आले. त्यांना कुणीतरी बातमी दिली होती. हे साहेब नवे, संपाच्या वेळी शाळेत असतील. त्यांना फारच आनंद झाला होता. हॉस्पिटलच्या मासिकात छापू म्हणाले, जुन्या जखमा भरल्या असं काहीतरी. त्या बाईंना बोलावून घेऊ, मायलेकी आणि तोफ, हातात हात घेऊन एक फोटो. त्यांनी मोबाइल काढलासुद्धा.

"साहेब," तोफ म्हणाली, "माझ्यावर खोटा खटला तुमच्या कचेरीनं भरला होता. तो खोटा होता असं आजपर्यंत कुणी कागदावर लिहून दिलेलं नाही. ते छापा तुमच्या मासिकात. त्याच्याखाली माझा फोटो चालेल."

साहेबांनी मोबाइल खिशात ठेवला. मघाशी हसलेल्या बायका आता मोठ्यानं हसल्या, आणि ह्या वेळी तोफेच्या बाजूनं.

संध्याकाळी तोफ रॉकेलचे हात साबणानं घासत होती, तेव्हा दार वाजलं. नवऱ्याला ऐकू आलं नाही, तिनंच उघडलं. दारात जोडीदारीण उभी होती. केस सगळे पांढरे, पाठीत बाक, पण हनुवटी तशीच वर. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर समोरासमोर आल्या होत्या, पण दोघींपैकी एकीनं नेहमी रस्ता ओलांडला होता.

"कुणी सांगितलं होतं तुला पुसायला?" ती म्हणाली. "मी आले होते का हात जोडून? मला तुझी दया नको."

"दया नाही केली."

"मग काय केलंस?"

तोफ टॉवेलला हात पुसत राहिली. जोडीदारीणच बोलत सुटली. तेव्हा पोरगी तापानं फणफणत होती. संपवाल्यांच्या पोरांना हॉस्पिटलात घेत नव्हते. साहेबांनी खाट देऊ केली. मी पोरीला उचललं आणि आत गेले. परत तशी वेळ आली तर परत जाईन, तुझ्या भिंतीला भीक घालणार नाही.

"आत गेलीस ते मी समजू शकते," तोफ म्हणाली. "कोर्टात माझं नाव का घेतलंस?"

जोडीदारणीची हनुवटी किंचित हलली. "त्यांनी सांगितलं तसं बोलले."

"मी आत असताना आई गेली."

हे वाक्य तोफेनं शेकडो वेळा म्हटलं होतं, सभेत, नळावर, बसमध्ये. पण जिच्यामुळे म्हणायची वेळ आली तिला ते आज पहिल्यांदा सांगत होती. आवाज चढला नाही. नाकातून काही निघालं नाही.

"माहीत आहे," जोडीदारीण म्हणाली. एवढंच. माफी नाही, डोळ्यांत पाणी नाही.

तोफ वाट बघत राहिली. तिला वाटलं, आता आतलं सगळं उसळेल. उसळलंच. घशापर्यंत आलं, तिथं थांबलं, जळजळलं. तिनं ते बघितलं. समोर एक म्हातारी बाई उभी होती, इस्त्रीचे डाग पडलेल्या हातांची, आणि ती माफी मागणार नव्हती. आज नाही आणि कधीच नाही. तोफेला ते लख्ख कळलं. आणि हेही कळलं की आपण जे ओझं खाली ठेवलंय ते हिच्या माफीवर अवलंबून नाही, नाहीतर ते पुन्हा हिच्याच हातात गेलं असतं.

"मी भिंत तुझ्यासाठी नाही पुसली," ती म्हणाली. "मला त्या अक्षरांचा कंटाळा आला. तू चुकलीस, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण तुझ्याकडून मला आता काही नको. शिक्षा नको, माफीही नको. जा तू."

जोडीदारीण लगेच गेली नाही. भांडायला आलेल्या माणसाचे हात रिकामे राहिले की ते कसं दिसतं, ते तोफेला चांगलं माहीत होतं. शेवटी ती म्हणाली की पोरीची बोटं बरी आहेत, आणि जिना नसतानाही भिंतीला हात लावत लावत, जपून पायऱ्या उतराव्यात तशी गल्लीतून चालत गेली. त्यानंतर त्या दोघी बोलल्या नाहीत. रस्ता मात्र दोघींनीही ओलांडला नाही.

आतून नवऱ्यानं विचारलं, कोण होतं. तोफेनं सांगितलं. त्यानं दोनदा विचारून खात्री केली, मग म्हणाला, "आणि तू ओरडली नाहीस? मला वाटलं मीच पूर्ण बहिरा झालो."

संपाच्या दिवशी सभा होती. या वर्षी तोफेनं बोलू नये, असं समितीनं ठरवलं. सेक्रेटरीनं घरी येऊन, खाली मान घालून तसं सांगितलं. तोफेनं तिला चहा दिला आणि सभेला येणारच म्हणून सांगितलं. ती आली, मधल्या रांगेत बसली आणि भाषणं संपत आल्यावर उठून उभी राहिली. खाली बसा, असं कुणीतरी म्हणालं. ते तिला ऐकू आलं नाही असं तिनं दाखवलं. एवढी एक विद्या ती नवऱ्याकडून शिकली होती.

तिनं संपाची गोष्ट सांगितली. भाजलेल्या हाताची, मोडक्या जाळीची, सडक्या पाइपची. खोट्या साक्षीचीही सांगितली, एक अक्षर न वगळता, पण नक्कल केली नाही. पुढे बसलेल्या पोरी वाट बघत राहिल्या. मग ती म्हणाली की रोलरवर बाईला एकटं सोडायचं नाही, मग ती कुणाचीही लेक असो, असा ठराव आत्ता, इथं झाला पाहिजे. आणि झाला नाही तर उद्यापासून मी रोलर चालू करू देणार नाही. करा माझ्याविरुद्ध संप.

बराच वेळ हात वर झाले नाहीत. मग मागून एक वर झाला. संपाच्या आधी जिचा हात भाजला होता, ती आता निवृत्त झालेली बाई होती ती, आणि तिनं तोच हात वर केला होता. मग आणखी काही. शेवटी सेक्रेटरीनं मोजणी केली, ठराव मंजूर झाल्याचं सांगितलं आणि तोफेकडे न बघता पाण्याचा ग्लास रिकामा केला.

सगळ्या काही सुधारल्या नाहीत. काहीजणी तोफेशी बोलायच्या बंद झाल्या, त्या बंदच राहिल्या. तोफेनंही त्यांची मनधरणी केली नाही. वरच्या मजल्यावर ती पुन्हा जाऊ लागली. भिक्खुणींनी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. फक्त एकदा म्हणाली की तो राग अजून येतो अधूनमधून, पूर्वीच्याच रुबाबात. भिक्खुणी म्हणाल्या, येऊ दे की.

लाँड्रीत 'तिची'ला आता तिच्या नावानं हाक मारतात, निदान निम्म्या बायका तरी. तिची जोडीदार अजून पक्की झालेली नाही, म्हणून गर्दीच्या दिवशी दुसरा कोपरा तोफच धरते. परवा चादर जरा तिरकी गेली, तेव्हा तोफ सवयीनं गरजली की डोळे काय घरी ठेवून आलीस, माझ्या वयाला येशील तेव्हा काय करशील. सगळ्या चमकून बघू लागल्या.

"तुम्हीच आधी सोडलात," ती उंच पोरगी तेवढ्याच जोरात ओरडली. "माझा कोपरा सरळ होता. नीट बघा आणि मग बोला."

तोफेनं नीट बघितलं. पोरीचं खरं होतं. तिनं चादर ओढून बाहेर घेतली, झटकली, आणि दोघींनी ती पुन्हा लावली.